सत्काराचं पोतं

झरीच्या आश्रुबानं तीन वर्षांमागं ज्वारी बंद केली आणि सगळ्या रानात सोयाबीन घेतलं. माल थेट पशुखाद्याच्या कारखान्यात जायचा. यंदा गावात सगळ्यांत जास्त माल घातला म्हणून कारखान्यानं त्याचा सत्कार ठेवला.

“देशात पशुखाद्याचं उत्पादन दरसाल वाढतंय, ते आश्रुबांसारख्या शेतकऱ्यांमुळं!” साहेब माईकवर म्हणाले. शाल दिली, नारळ दिला आणि खाद्याचं एक भरलं पोतं दिलं.

एसटीतून उतरवलेलं पोतं आश्रुबानं सवयीनं गोठ्यात नेऊन टाकलं आणि बायकोला हाक मारली. “कस्तुरा, बघ तर! लय भारी खाद्य हाय. दूध घट्ट येतंय म्हणं.”

कस्तुराबाई रिकाम्या दावणीकडं बघत राहिली. ज्वारी गेली तसा कडबा गेला, आणि कडबा नाही म्हणून गेल्या साली म्हैस शेजारच्या योगीराजला विकावी लागली होती.



“मंग योगीराजच्याच गोठ्यात टाकून या,” ती म्हणाली. “आपुन त्येच्याकडून इकत आणायलोत, ते दूध तरी घट्ट येईल.”