उजवं मडगार्ड

“आजही नाही?” एलिगियोने दारातूनच विचारलं.

“उद्या, काका. प्रायमर अजून ओला आहे,” गॅरेजवाला नाबोर म्हणाला.

“गेल्या आठवड्यातही ओलाच होता. प्रायमर लावलायस की लापशी?”

म्हातारा कुरकुरत आत आला, भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला आपला निळा कप त्याने काढला, दालचिनीची कॉफी ओतून घेतली आणि स्टुलावर बसला. गोड पावांची पिशवी बरोबर होतीच, गॅरेजमधल्या सगळ्यांना पुरेल एवढी.

समोर त्याची पांढरी वोचो, म्हणजे जुनी फोक्सवॅगन बीटल, उभी होती. चाळीस वर्षं त्याने तास्को या मेक्सिकोतल्या डोंगरी गावाच्या चढांवर ती टॅक्सी म्हणून चालवली, एक ओरखडा न पडू देता. आणि टॅक्सी बंद केल्यावर, बायको जाऊन महिना होत नाही तोच, त्याने ती भरदिवसा नाबोरच्या गॅरेजच्या दगडी खांबाला घातली. उजवं मडगार्ड पार आत गेलं. गॅरेजच्या दारातच आपटली हे एक बरं झालं, असं सगळे म्हणाले.

नाबोरने मडगार्ड उतरवलं, आतून हातोडीने ठोकून आणि बाहेरून डॉलीचा लोखंडी ठोकळा धरून पत्रा गोल केला, वर हलकी पुट्टी भरली. काम मनासारखं झालं होतं. गाडी त्याच आठवड्यात देता आली असती.

पण त्याआधी एलिगियोची मुलगी मिरेया येऊन गेली. चौकाजवळ तिचं चांदीच्या दागिन्यांचं दुकान होतं.

“बाबांना नीट दिसत नाही हो,” ती म्हणाली. “नाहीतर एवढा मोठा खांब दिसला नसता? उद्या एखादं पोर चाकाखाली आलं तर? गाडी विका म्हटलं तर घर डोक्यावर घेतील. तुम्ही नुसतं ‘उद्या’ म्हणत राहा, उस्ताद. तुम्हा लोकांना ते काही शिकवायला नको.”

टोमणा खरा होता. नाबोरने तिचं ऐकलं. आणि ‘उद्या’ म्हणत राहिला. कधी इग्वालाहून रंग आला नाही, कधी हवा दमट होती, कधी कुठल्या संताचा सण आडवा आला.

एलिगियो रोज शिव्या घालायचा आणि दुपारपर्यंत बसायचा.

“घरी जाऊन काय करू? भिंतींशी बोलू? इथे निदान ठोकाठोकी तरी कानावर पडते.”

मग गोष्टी निघायच्या. ड्रायव्हरशेजारची सीट काढलेली ही गाडी, त्यामुळे अर्ध्या गावाच्या नवऱ्या घागरा सावरत हिच्यातूनच चर्चला गेल्या. त्याची बायको चेलोसुद्धा. “आणि तुझी आई, नाबोर! मागच्या सीटवर कळा देत होती आणि वर मलाच ओरडत होती, हळू चालव म्हणून. आणखी एक चढ असता तर तू माझ्या गाडीतच जन्मला असतास. भाडं मागितलं असतं मी तुझं.”

सगळे हसायचे. नाबोरही हसायचा, पण या माणसाला आपण रोज फसवतो हे त्याला आत कुठेतरी टोचत राहायचं.

एकदा स्टुलावरून न उठता म्हातारा म्हणाला, “दिव्याच्या खाली पत्र्याला लाट राहिलीय बघ.”

नाबोरने हात फिरवला. केसाएवढी लाट खरंच होती. चाळीस वर्षांची गाडी, न बघताही कळत असेल, असं त्याने मनाशी म्हटलं.

कबरींवर फुलं वाहायचा मृतांचा दिवस जवळ आला. बाजारात झेंडूचे ढीग लागले. त्या सकाळी एलिगियोने शिव्या घातल्या नाहीत.

“चेलोची कबर डोंगरापलीकडे, तिच्या माहेरी आहे,” तो म्हणाला. “तिथपर्यंत एकदा हिच्यातूनच जायचं होतं. बघ जमलं तर.”

नाबोरला त्या दिवशी भाकरी गोड लागली नाही. दोन दिवसांत त्याने रंगाचा शेवटचा हात मारला, पॉलिश केलं आणि किल्ली म्हाताऱ्याच्या हातात ठेवली. एलिगियोने मडगार्डवरून तळहात फिरवला. त्याचा चेहरा पडल्यासारखा वाटला. चेलो आठवली असेल. मग त्याने खिळ्यावरचा कप काढला, झेंडूशेजारी मागच्या सीटवर ठेवला आणि गाडी चढाला लागली.

मिरेया धापा टाकत आली.

“दिलीत? त्या वळणांवर पाठवलंत? माझ्या बाबांना काही झालं तर तुम्हाला सोडणार नाही!”

दोघं दारातच थांबली. दुपार गेली. मिरेया जपमाळ ओढत होती आणि मध्येच नाबोरला शिव्या देत होती.

ऊन उतरता उतरता वरून ओळखीचा फटफट आवाज आला. वोचो गल्लीत शिरली. पाववाल्याची व्हॅन नेहमीसारखी अर्धा रस्ता अडवून उभी होती. व्हॅन आणि भिंत यांच्यात वोचोपेक्षा जेमतेम चार बोटं जास्त जागा राहत असेल. वोचो कुठेही न घासता त्यातून सुळकन बाहेर आली, झोपलेल्या कुत्र्याला वळसा घालून गॅरेजसमोर थांबली.

“आली! देवा, आली!” मिरेया रडायलाच लागली.

एलिगियोने दोघांकडे पाहिलं. मग दगडी खांबाकडे पाहिलं. स्टिअरिंग बेताने वळवलं आणि गाडी हळूच पुढे घेतली. पत्रा चेमटल्याचा आवाज झाला.

निळा कप घेऊन तो खाली उतरला, आत गेला, कप खिळ्याला टांगला आणि परत येऊन म्हणाला, “उजवं झकास केलंस रे. आता हे डावं. उद्या किती वाजता उघडतोस?”