नववं कलम

"बाकी सगळं ठीक आहे. पण नवव्या कलमाखाली मी सही करणार नाही," शशिकलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी लाल पेनाला टोपण लावलं.

त्यांच्या मुलाने, अभिरामने, घड्याळाकडे पाहिलं. चार वाजून गेले होते. हैदराबादच्या गेम कंपनीला पाचच्या आत आईच्या सहीचं संमतीपत्र हवं होतं. आठ महिन्यांपूर्वी पुण्यातली चांगली नोकरी सोडून त्याने हा गेम बनवायला घेतला होता. आता कंपनीने तो घेतला नाही, तर सोमवारी पुण्याच्या ऑफिसात निमूटपणे हजर व्हायचं, असं त्यानेच घरात कबूल केलं होतं.

गेम साधा होता. पोराने बॅट घेऊन गुपचूप घराबाहेर सटकायचं आणि आईने त्याला पकडायचं. पकडला की बोलणी. "आंघोळ केलीस, की पाण्याला नुसता भेटून आलास?" "पानात टाकायचं असेल तर आधी देपालपूरला जाऊन गहू पेरून ये!" अशी मोजून चाळीस वाक्यं. इंदूरच्या तुकोगंजातल्या मित्रांना खेळायला दिला, तर ते पळायचं सोडून मुद्दाम पकडले जायला लागले. कंपनीने स्वच्छ कळवलं, की पोरगा बदलला तरी चालेल, आई मात्र हीच पाहिजे.

पंचाईत एवढीच, की आईला कुणी विचारलंच नव्हतं. अभिरामने सहा महिने मसाल्याच्या डब्यामागे मोबाइल ठेवून ही बोलणी तिच्याच आवाजात टिपली होती.

आणि आई म्हणजे तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली बाई. न वाचता कुठेही 'मान्य आहे' दाबायचं नाही, हा तिचा बाणा. तिच्या फोनचं अपडेट दोन वर्षं अडून बसलं होतं, कारण जुन्या अटी वाचून होईपर्यंत कंपनी नव्या पाठवायची. या कंपन्यांबद्दल तिचं मत पक्कं होतं. दुसऱ्याचं उचलायचं, त्यावर आपलं नाव घालायचं, आणि वर जगाला चोर म्हणायचं! संमतीपत्राची चौदा पानं तिने तीन दिवस वह्या तपासाव्यात तशी तपासली होती. समासात दोन ठिकाणी 'पुन्हा लिहा' असे शेरेही होते.

"आई, मी चोरून रेकॉर्ड केलं म्हणून अडून राहिली आहेस ना? सॉरी तर म्हटलं यार. और कितनी बार म्हणू?"

"तो राग वेगळा आहे. तो निवांतपणे काढीन."

"अगं, करून टाक सही," अभिरामचे वडील श्रीपादराव सोफ्यावरून म्हणाले. ते वीज मंडळातून निवृत्त झाल्यापासून प्रत्येक वादात तिथूनच भाग घेत. "सगळ्या कंपन्या एकाच माळेचे मणी. इतकं वाचून कोण राहिलंय?"

"तुम्ही वाचत नाही, म्हणून तर त्यांचं फावतं." शशिकलाबाईंनी पान उलटलं आणि वर्गात वाचावं तसं खणखणीत वाचलं. "'ही सर्व वाक्ये माझी स्वतःची निर्मिती असून ती अन्य कोणाकडूनही घेतलेली नाहीत.' हे मी कसं लिहून देऊ?"

"का? मग कुणाची आहेत?"

शशिकलाबाईंनी लाल पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं. त्यांना उत्तर शोधायची सवय नव्हती, त्यामुळे श्रीपादरावही उठून बसले.

"तुझ्या आजीची."

श्रीपादरावांच्या आई मनोरमाबाई गेल्या तेव्हा अभिराम दोन वर्षांचा होता. त्याला त्यांचा आवाज आठवतही नव्हता. शशिकलाबाईंना मात्र तो नऊ वर्षं उठताबसता ऐकावा लागला होता.

"मी देवासची. देपालपूर मी कधी पाहिलं पण नाही. माहेर त्यांचं तिथलं. पोळी थोडी जाड झाली, की मला गहू पेरायला धाडायच्या. तेव्हा शपथ घेतली होती, की काही झालं तरी आपण असं बोलायचं नाही. आणि परवा तू ते सगळं एका दमात ऐकवलंस." त्यांना हसू येत होतं, आणि डोळेही भरून आले होते. "चाळीसच्या चाळीस त्यांची निघाली रे. एक पण माझं नाही. आणि मी कंपन्यांना चोर म्हणत बसले आहे!"

अभिरामला आईबद्दल माया दाटून आली, आणि घड्याळाची भीतीही वाटली.

"आई असं बोलायची?" श्रीपादराव खरोखरच चकित झाले होते. "मला तर कधी नाही बोलली."

अभिराम फोन घेऊन गॅलरीत गेला. कंपनीच्या वकीलबाईंना सगळं सांगायला त्याला दहा मिनिटं लागली. परत आला तो पळतच, हातात प्रिंटरमधून काढलेला नवा कागद.

"जमलं! गेममध्ये आजीचं नाव टाकून राहिले आहेत ते लोक. नववं कलम बदलून पाठवलं आहे. मूळ व्यक्ती हयात नसेल, तर वारसाची सही चालते."

श्रीपादरावांनी घसा साफ केला. ते एकुलते एक. जुन्या इंदुरातलं हे घर मनोरमाबाईंनी त्यांच्याच नावावर केलेलं. आपली सही कुणाला हवी आहे, असं निवृत्तीनंतर पहिल्यांदाच घडत होतं. त्यांनी चष्मा चढवला, खिशातलं पेन काढलं आणि कागदासाठी ऐटीत हात पुढे केला.

शशिकलाबाईंनी कागद स्वतःकडे ओढला. बदललेलं कलम नीट, शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं, आणि 'वारस' लिहिलं होतं तिथे स्वतःची सही ठोकली.

"घर तुम्हाला दिलं त्यांनी," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "बोलणी सगळी मला दिली."