ताई-चीच लिहा

"कराटे, ज्युडो की ताई-ची?" मॅडमनी फॉर्मवर पेन टेकवून विचारलं.

"गुडघ्यांना सोसेल ते द्या," सुतार म्हणाला.

"मग ताई-ची. सगळं हळूहळू. इतकं हळू की चोरसुद्धा कंटाळून निघून जाईल."

भिंतीला टेकून बसलेले सहा-सात जण हसले. सुतारही हसला. त्याला तेच हवं होतं. हळूहळू काहीतरी करावं, घाम पुसावा, घरी जावं.

"नुसत्या तब्येतीसाठी नाही हं मॅडम," मुलगी म्हणाली. तिनंच त्याला इथं ओढून आणलं होतं. "आई गेल्यापासून एकटे राहतात. वेळ आली तर स्वतःला सांभाळता आलं पाहिजे. तसे बाबा भित्रे नाहीत. चोर आईची पर्स हिसकायला आला तेव्हा तिला मागे सारून हे पुढे उभे राहिले होते. त्यानं बाजूनं धक्का दिला म्हणून, नाहीतर आई जिन्यावरून पडलीच नसती."

"जाऊ दे ना ते."

"का जाऊ दे? एवढं कोण करतं?"

सुतार आपल्या मोज्यांकडे बघत राहिला. डाव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. ही गोष्ट त्यानं एकदाच सांगितली होती. आठ महिन्यांपूर्वी, दवाखान्याच्या बाकावर, मुलगी रडत धावत आली तेव्हा. ती ऐकून तिचं रडं जरा थांबलं होतं. मग तीच सगळ्यांना सांगत सुटली. मावशीला, शेजाऱ्यांना, त्याच्या वर्कशॉपमध्ये. खरं सांगायला रोज एकेक दिवस उशीर होत गेला.

"मी बोलण्यावरून ठरवत नाही, काका," मॅडम म्हणाल्या. "तोंडानं काय, सगळेच पैलवान असतात. इकडे गादीवर या. मी अंगावर येणार. तुम्ही विचार करायचा नाही. ज्याचे हात वर जातात त्याला मी कराटे देते. जो धरतो त्याला ज्युडो. जो मागे सरतो त्याला ताई-ची. यात पास-नापास काही नसतं."

"नको. ताई-चीच लिहा."

"लाजताय काय, बाबा? मी उभी राहते ना शेजारी." मुलीनं त्याचा चष्मा काढून स्वतःच्या हातात घेतला.

मॅडम बुटक्या, जेमतेम त्याच्या खांद्याला लागतील एवढ्या. त्या चार पावलं लांब गेल्या. पाठ करून उभ्या राहिल्या. केसांचा रबर सारखा केला.

"वजन किती हो तुमचं, काका?"

"ब्याऐंशी..."

त्या ओरडून वळल्या आणि झेपावल्या.

त्यांचा तळवा थांबला तो मुलीच्या नाकापासून वीतभर अंतरावर.

सुताराला पहिल्यांदा कळलं ते हे, की आपला श्वास मुलीच्या केसांत जातोय. मग त्याला आपले हात दिसले. रंधा धरून धरून राठ झालेले ते हात मुलीच्या दोन्ही दंडांवर होते. त्यानं तिला जवळजवळ उचलूनच पुढे घेतलं होतं. तिची एक टाच त्याच्या पावलावर होती. चष्मा कुठंतरी गादीवर पडला होता.

भिंतीकडे कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

"होतं असं," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "पहिल्या दिवशी पुष्कळांचं होतं. अंग आपलं ऐकत नाही. शिकवता येतं ते." त्या टेबलाकडे गेल्या. तिथं त्यांचं काही काम नव्हतं.

मुलगी वळली नाही.

"बाबा," ती समोर बघतच म्हणाली, "आईचं अंग मी पुसलं होतं, आठवतं? तिच्या दोन्ही दंडांवर बोटं उमटली होती. मागून धरल्यासारखी."

तिनं आपली टाच त्याच्या पावलावरून काढली.

"पोलिसांनी विचारलं, तेव्हा मी सांगितलं, चोराची आहेत."

सुताराला हात काढून घ्यायचे होते. पण काढले असते तर खाली काय उमटलंय ते दिसलं असतं. तो तसाच तिला धरून उभा राहिला.