धुण्याआधीचं पाणी

बशीतलं जुनं पाणी डॉक्टर गुरुदासांनी बाटलीत ओतलं, नवं घातलं, दोनदा हलवून तेही ओतून टाकलं आणि मगच बशी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. त्याला जोडलेल्या टीव्हीवर चित्र आलं. एकमेकींना चिकटून बसलेल्या स्वच्छ पेशी. "उत्तम दर्जा," डॉक्टर म्हणाले आणि फोटोग्राफरला सोयीचं होईल अशी मान वळवली.

काचेपलीकडे नेत्रालयाचे विश्वस्त भाई आणि पाहुणे बसले होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या. काय दिसलं ते त्यांचं त्यांना ठाऊक. २००७ साली मालवणात प्रयोगशाळेत वाढवलेला पेशींचा पडदा माणसाच्या डोळ्यावर बसणार होता. टाळ्यांना तेवढं पुरे होतं.

पडदा प्रेमलताचा होता. ती बाजारात मासे विकायची. गणपतीआधी भिंतींना चुना लावताना तिच्या डाव्या डोळ्यात चुना उडाला आणि त्या डोळ्याने दिसायचं बंद झालं. दोन आठवड्यांपूर्वी उजव्या, चांगल्या डोळ्याच्या कडेचा इवलासा तुकडा काढून त्यातल्या पेशी दोन बशांत वाढवायला ठेवल्या होत्या. तुकडा पुन्हा काढायचा तर चांगला डोळाही धोक्यात येणार होता. आणि तयार पडदा काही महिनाभर राखून ठेवता येत नाही. आज बसवलेला टिकला नाही, तर दुसरी बशीही तोवर वाया जाणार होती.

दुसऱ्या बशीला अजून चार दिवस हवे होते. तेवढं थांबू, मग दोन्ही शेजारी ठेवून निवडू, असं तंत्रज्ञ संचिताने सकाळी सुचवलं होतं. डॉक्टरांनी तिला झिडकारलं. पाहुणे चार दिवसांनी थोडेच येणार होते? तशीही डॉक्टरांना या किनाऱ्यावरच्या माणसांची कीव यायची. त्यांच्या मते इथल्या लोकांना मासे आणि गाऱ्हाणी यापलीकडे काही कळत नाही. प्रेमलताला त्यांनी दोनदा आंघोळ करून यायला सांगितलं होतं, आणि तरीही शेवटच्या खुर्चीवर बसवलं होतं.

त्या खुर्चीवरून ती उठली आणि काचेवर टकटक केली.

"डॉक्टर, तुमी धुवन मगे बघलात," ती म्हणाली. "धुवच्या आदी कित्या नाय बघलात?"

डॉक्टर हसले. "बाई, हे बांगडे नाहीत."

पाहुणेही हसले. जेवणात बांगडे चापून आलेले जरा जास्तच हसले. प्रेमलताने एका डोळ्याने सगळ्यांकडे आळीपाळीने बघून घेतलं. त्या नजरेत राग नव्हता. शिळ्या माशांच्या पाटीकडे बघावं तसं तिने त्यांच्याकडे बघितलं.

"बांगडो नाय, माझो डोळो आसा. ता वतलेला पाणी बघा. मगेच मी टेबलार चडतलंय."

आता फोटो अडला. भाईंनी घड्याळ बघितलं आणि बघून टाका एकदाचं, असं डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी नाक मुरडून संचिताला खूण केली. बाटलीत त्या ओतलेल्या पाण्याशिवाय दुसरं काही नव्हतं. संचिताने त्यातला थेंब काचपट्टीवर घेतला आणि फक्त मेलेल्या पेशींनाच चढणारा निळा रंग त्यात मिसळला. टीव्हीवर नुसते निळे ठिपके पसरले. इतके, की मोकळी जागा शोधावी लागली.

मग तिने कोणाला न विचारता बशी पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि मधला भाग सोडून कडेला सरकवली. पेशी तिथे जागोजागी सुटल्या होत्या. डॉक्टरांनी मघाशी फक्त मध्यभाग दाखवला होता. पडदा मरायला लागला होता, आणि मेलेलं सगळं त्यांनी सर्वांसमोर धुऊन काढलं होतं. संचिताने दुसऱ्या बशीतलं पाणीही तपासलं. त्यात मोजून पाच ठिपके निघाले.

भाई पाहुण्यांना चहाला घेऊन गेले. फोटोग्राफरने कॅमेरा पिशवीत भरला. शस्त्रक्रिया मंगळवारी, दुसऱ्या पडद्याने, असं संचिताने फळ्यावर लिहिलं, आणि डॉक्टरांनी ते पुसलं नाही.

प्रेमलता पदर सारखा करून निघाली. डॉक्टरांनी तिला दारात गाठलं. त्यांना खरं तर माफी मागायची होती, पण तेवढी सवय नव्हती. धुण्याआधी बघायचं हे तुम्हाला कोणी सांगितलं, असं त्यांनी विचारलं. एवढी अक्कल तिची स्वतःची असेल, हे अजूनही त्यांच्या गळी उतरत नव्हतं.

"सांगूक कोण होया?" ती म्हणाली. "गिराईक येवच्या आदी पाणी मारून शिळो माल ताजो करूचो, ह्या मी तीस वर्सां करतंय. पण डॉक्टर, माझ्या बांगड्यान गिराइकाचा पोट बिघाडता. डोळो जाणा नाय."