समान हप्ते

अंगठ्याला शाई लागली, तरी दादू तांडेल अंगठा काही टेकवेना. समोर होडीच्या इंजिनासाठी कर्जाचा अर्ज होता. अर्जावर फुली मारून दाखवलेली जागा होती, आणि फुलीवर मच्छीमार सोसायटीच्या सल्लागाराचं, बन्सीधर सावे याचं, बोट होतं.

"टेकवा की, तांडेल," बन्सीधर म्हणाला. "मार्च संपायला दोन दिवस राहिले. कर्जाची रक्कम परत गेली की इंजिन गेलं."

दादूने अंगठा हवेतच धरला आणि वाळत घातलेल्या बोंबलांकडे पाहिलं. तिथे त्याची बायको हिरा बोंबील पलटत होती. तिच्या हातांत सोन्याच्या पाटल्या होत्या. इंजिनासाठी आधी भरायची रक्कम त्या पाटल्या मोडूनच उभी राहायची होती.

बन्सीधरच्या मनात कौतुक दाटून आलं होतं; अर्थात स्वतःचंच. तीन महिने तो दर बुधवारी पालघरहून नवापूरला येत होता. गावातल्या पुरुषांना सुरूच्या झाडाखाली बसवून बचत, व्याज, हप्ता समजावत होता. गळा बसेपर्यंत बोलला होता. पुरुष जाळी शिवता शिवता त्याच्या प्रत्येक वाक्याला मान डोलवत. असे श्रोते त्याला स्वतःच्या घरात कधी लाभले नव्हते. टोपल्या घेऊन जाणाऱ्या बायका मोठ्याने बोलू लागल्या, की तो त्यांना हाताने गप्प करी. 'नवापूरचे मच्छीमार आता हिशेबी झाले आहेत,' असा अहवालही त्याने वर धाडून दिला होता.

"आता काय अडलं?" त्याने विचारलं. "तीन महिने तुम्हीच हो हो म्हणत होतात ना?"

"तुमी एवढे लांबून येता," दादू ओशाळून म्हणाला. "तोंडावर नाय कसा म्हनू? पन पैशाचा मला काय इचारता, सायेब? मासळी काठाला लागली का ती हिची. इकते ही, पैसा ठेवते ही. माज्या हातात पैसा कदी होता?"

बन्सीधरचं बोट फुलीवरून सरकलं. बारा बुधवार! बारा बुधवार त्याने ज्यांना बचत शिकवली, त्यांच्या गाठीला विडीपुरते पैसे होते. पालथ्या घड्यावर पाणी ओतणारे लोक पुष्कळ असतात. हा तर घड्याकडे पाठ करून ओतत बसला होता.

हिरा लुगड्याला हात पुसत आली आणि समोर बसली.

"वाचा," ती म्हणाली.

बन्सीधरने वाचलं. दर महिन्याच्या पाच तारखेला एकशे दहा रुपये. सगळे हप्ते समान. लागोपाठ तीन हप्ते चुकले, तर सोसायटी इंजिन परत नेणार. तो तक्ता त्याने स्वतः आखला होता, पट्टीने रेघा मारून. रेघा फार सुंदर आल्या होत्या.

"पावसातला हप्ता कोन भरल?" हिराने विचारलं.

"म्हणजे?"

"जेठ लागला का होडी वर वढतो आन झापांनी झाकतो. मंग नारळी पुनवेपर्यंत दर्यात कोन जाते? घरात सुकट खाऊन दिवस काढतो आमी. तुमचे तीन हप्ते तितंच चुकले. आमी दर्याला नारळ देनार, आन तुमची मानसं इंजिन उचलून नेनार. माज्या पाटल्या त्याच्याच संगती गेल्या."

बन्सीधरने तक्त्यातले जून, जुलै, ऑगस्ट बोटाने मोजले. आषाढात ताजी मासळी मिळत नाही म्हणून दरवर्षी जेवताना कुरकुरणारा माणूस तो. ती का मिळत नाही, हा विचार त्याच्या तक्त्यात शिरलाच नव्हता. त्याचा पगार आषाढातसुद्धा एक तारखेला येई, म्हणून सगळ्या जगाचा येत असेल असं तो धरून चालला होता. एक अंगठा उमटला असता, तर या बाईचे हात ओकेबोके झाले असते, आणि त्याने त्याचाही अहवाल सुवाच्य अक्षरांत लिहिला असता. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली.

"हा तक्ता फाडतो," तो म्हणाला. "पावसाचे तीन महिने सोडून नवा करू. सोसायटीला मी पटवतो. परवाच्या आत अर्ज पोचला पाहिजे."

पण उरलेल्या नऊ महिन्यांत कुठे किती पेलेल, ते त्याला ठाऊक नव्हतं. बोंबलाचा पैसा कधी हातात पडतो, जाळ्याच्या सुताला किती जातात, लग्नसराईत किती सुटतात, सगळं हिराला तोंडपाठ होतं. ती भराभर सांगत होती आणि बन्सीधर खोडत होता, लिहीत होता, पुन्हा खोडत होता. ऊन कललं. बोईसरच्या शेवटच्या एसटीची वेळ झाली. बन्सीधरने घाईने रुमालाची गाठ सोडून नाणी मोजली. एसटीचं भाडं, पुढे पालघरपर्यंत गाडीचं भाडं आणि एक चहा. वर एक पैसा नाही.

हिरा ते पाहत होती.

"सायेब, तुमचा पगार कोन सांभाळते?"

बन्सीधर थाप मारणारच होता. पण दादू त्याच्याकडे इतक्या आशेने बघू लागला, की खोटं बोलवेना.

"आमची दमयंती," तो म्हणाला. "एक तारखेला सगळा तिच्या हातात देतो."

"पुरते?"

"पुरतो. उरतोसुद्धा."

दादू हसला आणि आपल्या चटईवर जरा सरकून त्याने जागा केली. हिराने खाडाखोडीचा कागद नीट दुमडून बन्सीधरच्या हातात ठेवला.

"मंग उद्या बाईंना घेऊन या. आमी दोगी बसून मांडतो," ती म्हणाली. "तुमी ह्यांच्यासंगती जाळी शिवाया बसा."