भागीची अर्धी भाकरी

"बाई, हिनं आजही अर्धी भाकरी दप्तरात कोंबली. माझ्या वहीपर्यंत मुंग्या आल्यात!" सावनीशेजारी बसणारी रेवू कुरकुरली.

इतिहासाचा तास म्हणजे आता चटईवर झोपायचं. कानाशी यंत्र गुणगुणायचं आणि अख्खा वर्ग एकच स्वप्न बघायचा. गेल्या आठवड्यात मुलं बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून आली. जागी झाल्यावर, नसलेली धूळ पापण्यांवरून पुसत बसली. त्या स्वप्नात सावनीला भागी नावाची थोरली बहीण होती. आपल्या वाटची भाकरी सावनीला देऊन भागी उपाशी झोपली, ती उठलीच नाही. तेव्हापासून सावनी रोज तिच्यासाठी अर्धी भाकरी ठेवायची आणि स्वतः अर्धपोटी राहायची.

ही स्वप्नं इतिहासाच्या शकूबाईच रचायच्या. त्या सावनीजवळ चटईवर टेकल्या.

"खा गं राणी. भागी खरी नव्हती. मीच रचली तिला."

"मग भाकरी कुणी दिली?"

बाईंच्या घरात हे कधी कुणी बोललं नव्हतं.

"माझ्या मावशीनं," त्या हळूच म्हणाल्या. "माझ्या आईला दिली. आई जगली, मावशी गेली."