घागरीचं पाणी

आमच्या मठाच्या स्वामींनी मान हलवली, तरच दरबारात आमच्या लोकांना हुद्दा मिळे. माझा धाकटा भाऊ नरसिंगराव घोडदळात जमादार होता. "हुद्दे वाटणं हे संन्याशाचं काम नव्हे," असं तो चारचौघांत बोलून गेला. आठ दिवसांत स्वामींनी त्याला वाळीत टाकलं.

वाळीत टाकलेल्याचं जिवंतपणीच क्रियाकर्म करायचं, ही मठाची रीत. थोरल्या भावानं दक्षिणेकडे तोंड करून भरलेली घागर डाव्या पायानं लवंडायची. मी लवंडली. त्याची जागा मलाच मिळणार होती.

नरसिंगराव फाटकात उभा होता. "अण्णा, मी इथंच आहे की," तो म्हणाला. मी मान वर केली नाही.

तेव्हापासून माझं डावं पाऊल ओलं आहे. पुसलं की पुन्हा ओलं. भर उन्हात अंगणातून गेलो, तरी मागं एकाच पायाचे ठसे उमटतात. "अय्यो, परत?" म्हणत माझी बायको वनजा फडकं घेऊन यायची. हल्ली ती नुसती पुसते.

हुद्द्याची वस्त्रं घ्यायला मी मठात गेलो. आधी स्वामींची पाद्यपूजा होती. मी त्यांचे पाय धुतले, उपरण्यानं कोरडे केले. ते पुन्हा ओले झाले. मी उपरणं पिळून परत पुसले. दोन्ही पायांखालून पाणी पाटावर आलं आणि जमिनीवर टेकलेल्या माझ्या गुडघ्यांपर्यंत पोचलं.

स्वामी खाली वाकले.

"राहू द्या, खंडोजीराव," ते हळूच म्हणाले. "सवय होते."